बारा बोअरमधलं शिसं काढताना काय काय बदलावं लागतं

'बारा बोअरची बंदूक' हे शब्द आपल्याकडे कोकणापासून विदर्भापर्यंत सगळ्यांच्या कानावरून गेलेले असतात. त्यातला 'बारा' मात्र कसला, हे फारसं कुणी विचारत नाही. एक पौंड, म्हणजे 454 ग्रॅम शिसं घ्यायचं आणि त्याच्या बारा सारख्या गोळ्या पाडायच्या. प्रत्येक गोळी साधारण 38 ग्रॅमची होते आणि तिचा व्यास भरतो सुमारे 18.5 मिलिमीटर. तेवढ्या पोकळीची नळी म्हणजे बारा बोअर. बंदुकीचं नावच शिशाच्या मापानं पडलेलं आहे. नळीची जाडी, चोक (नळीच्या तोंडाचा आवळ), बंदुकीची दारू, शिकाऱ्याचा अंदाज असं बाकी सगळंही दोन-अडीचशे वर्षं शिसं गृहीत धरूनच बेतलं गेलं. म्हणून ब्रिटनमध्ये फेझंट (कोंबड्यासारखा एक पक्षी) आणि तितराच्या शिकारीतून शिसं काढायचं ठरलं तेव्हा 'दुसऱ्या धातूचे छर्रे भरा' इतक्यावर काम भागलं नाही.

भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हौसेची शिकार बंदच आहे, त्यामुळे हा प्रश्न मुळात आपल्याकडचा नाही. ब्रिटनमध्ये दरवर्षी कोट्यवधी फेझंट पाळून रानात सोडले जातात. ऑक्टोबर ते जानेवारी हाकारे त्यांना झुडपांतून उठवतात आणि रांगेत उभे असलेले बंदूकवाले ते उडत असताना टिपतात. ते मांस पुढे खाटकाकडे आणि सुपरमार्केटात जातं. लंडन-लेस्टरकडच्या मराठी घरांपर्यंतही ते पोचू शकतं, म्हणून शेवटी स्वयंपाकघरातल्या दोन गोष्टीही सांगितल्या आहेत.

शिशाचं नेमकं काय बिघडलं?

एका काडतुसात 28 ग्रॅम शिसं धरलं आणि छर्रा ब्रिटिश मापानं 6 नंबरचा, म्हणजे 2.6 मिलिमीटरचा असला, तर आत सुमारे 270 छर्रे बसतात. छर्रा मोहरीहून मोठा, मिरीहून लहान. पक्ष्याला त्यातले चार-सहा लागतात. बाकीचे शेतात, गवतात, पाणथळीत पडतात आणि तिथेच राहतात.

पक्ष्यांना दात नसतात. कोंबडीवाला कलेजीबरोबर जो पेटा देतो, ती त्यांची चक्की. दाणे भरडायला पक्षी बारीक खडे गिळतात आणि खडा समजून छर्राही गिळतात. पेट्यात तो खड्यांवर घासला जातो, जठरातल्या आम्लात विरघळतो आणि शिसं रक्तात उतरतं. बदकाला मारायला कधी कधी एक छर्राही पुरतो. बदक तिथल्या तिथे पडत नाही. पंख लोंबतात, विष्ठा हिरवी होते, अन्न घशाखाली उतरेनासं होतं, आणि दोन-तीन आठवड्यांत ते एखाद्या लव्हाळ्यात जाऊन मरतं. तिथून कोल्हा किंवा कावळा त्याला उचलतो. 'आम्हाला तर विषबाधेनं मेलेली बदकं कधी दिसली नाहीत' हे शिकाऱ्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. मेलेलं बदक दिसायला उरतच नाही. ब्रिटनमध्ये एका हिवाळ्यात असे 50,000 ते 1,00,000 पाणपक्षी मरत असावेत असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. चिखल चाळून खाणाऱ्या पिनटेल आणि पोचार्डना धोका सर्वांत जास्त. हीच बदकं आपल्याकडे हिवाळ्यात पाणथळींवर उतरतात.

दुसरी वाट मांसाहारी पक्ष्यांची. जखमी किंवा मेलेला प्राणी गिधाड, गरुड खातात आणि त्यातलं शिसं त्यांच्या पोटात जातं. अमेरिकेतलं कॅलिफोर्निया कॉन्डॉर हे गिधाड 1982 मध्ये अवघं 22 वर आलं होतं. पिंजऱ्यात वाढवून पुन्हा सोडलेल्या पक्ष्यांनाही शिशाच्या विषबाधेवर उपचार करत राहावं लागतं. आपल्याकडे गिधाडांच्या मुळावर जनावरांना दिलेलं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध आलं. विष वेगळं, पण ते पोटात जाण्याची वाट तीच, मेलेल्या जनावराच्या मांसातून.

तिसरी वाट आपल्या ताटातली. शिसं मऊ असतं. हाडावर आपटलं की त्याचे कण सुटून मांसात पसरतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत आणि दाताखालीही येत नाहीत. छर्रा वेचून काढला तरी त्याची धूळ मागे राहतेच. ब्रिटनमध्ये कोंबडी किंवा गोमांसात किलोमागे 0.1 मिलिग्रॅम शिसं ही कायदेशीर मर्यादा आहे. शिकारीच्या मांसाला अशी मर्यादाच नाही. लहान मुलं आणि गरोदर बायका यांनी हे मांस शक्य तितकं कमी खावं, असं तिथल्या अन्नसुरक्षा खात्यानं 2012 मध्ये सांगितलं. मुलांच्या मेंदूवर शिशाचा परिणाम होणार नाही अशी सुरक्षित पातळी आजवर कुणाला ठरवता आलेली नाही.

घनता: सगळ्या भानगडीचं मूळ

एक घनसेंटिमीटर शिसं 11.3 ग्रॅम भरतं, पोलाद 7.8, बिस्मथ 9.8 आणि टंगस्टन 19.3. गोटी आणि टेबल टेनिसचा चेंडू सारख्याच जोरानं फेकून पाहा. हलकी वस्तू हवेत लवकर दमते. पोलादी छर्ऱ्याचंही तेच. नळीतून तो झटक्यात सुटतो, पण वेग लवकर गमावतो आणि लांबच्या पक्ष्याला पोचेपर्यंत आत घुसण्याची ताकद उरत नाही. जखमी होऊन उडून जाणारा पक्षी हा शिकारीतला सर्वांत वाईट शेवट, आणि तो टाळायला छर्रा जाड करावा लागतो.

किती जाड? रूढ नियम 'दोन नंबर वर' असा आहे (नंबर जितका लहान तितका छर्रा जाड). शिशात 6 नंबर वापरत असाल तर पोलादात 4 नंबर, म्हणजे 3.1 मिलिमीटर. गणित असं: शिशाचा 2.6 मिलिमीटरचा छर्रा साधारण 0.10 ग्रॅमचा. त्याच मापाचा पोलादी छर्रा 0.07 ग्रॅमच भरतो. माप 3.1 केलं की 0.12 ग्रॅम होतो, वजनात थोडा पुढेच जातो, पण जाड असल्यामुळे हवेचा अडथळाही त्याला जास्त होतो. आता 28 ग्रॅम पोलादात असे फक्त 230 छर्रे बसतात. पूर्वीइतके 260-270 हवे असतील तर 32 ग्रॅम भरावे लागतात. म्हणून फेझंटसाठी 32 ग्रॅम 4 नंबर हे पोलादी काडतूस सर्रास सुचवलं जातं. त्याचा धक्का खांद्याला थोडा जास्त जाणवतो, त्यावर उपाय नाही.

पुढची अडचण जागेची. त्याच वजनाच्या पोलादाला शिशाच्या जवळपास दीडपट जागा लागते आणि काडतुसाची नळकांडी तर तेवढीच. शिवाय छर्रे भरपूर कठीण. दारूचा स्फोट होतो तेव्हा शिशाचे छर्रे एकमेकांवर दबून चपटे होतात आणि दाबाचा पहिला तडाखा थोडा शोषून घेतात. पोलाद दबत नाही, त्यामुळे दाब एकदम चढतो. कारखान्यात त्यासाठी सावकाश जळणारी वेगळी दारू वापरतात. घरी काडतुसं भरणाऱ्यांची सर्वांत धोकादायक चूक इथेच होते: शिशाच्या कोष्टकातलं दारूचं माप तसंच ठेवून वर पोलादी छर्रे ओतले जातात. पोलादाची कोष्टकं स्वतंत्र असतात. दारू, तिला पेटवणारी टोपी, वॅड, वजन यांपैकी एकही गोष्ट मनानं बदलायची नसते.

वॅड म्हणजे दारू आणि छर्रे यांच्यामधलं बूच. शिशाला लाकडाच्या लगद्याचं साधं बूच चालतं, ते पावसात कुजूनही जातं. पोलादाला जाड भिंतीचा पेला लागतो, नाहीतर छर्रे नळीला आतून ओरखडे काढतात. हा पेला इतकी वर्षं प्लास्टिकचा होता. शिसं थांबवायचं आणि गायरानात प्लास्टिक पसरायचं, हे शेतमालकांना पटेना. अनेक ठिकाणी प्लास्टिक वॅडला बंदीच आहे. पाण्यात विरघळणारे किंवा जिवाणूंनी कुजणारे पेले गेल्या काही वर्षांत आले, पण ते बनवायला महाग आणि दमट जागी ठेवले तर बिघडतात. अशी काडतुसं कोरड्या जागी ठेवायची आणि त्याच हंगामात संपवायची.

(एक कंस टाकतो. या छर्ऱ्यांना 'पोलादी' म्हणतात खरं, पण ते मुद्दाम मऊ केलेलं लोखंड असतं. खरं कडक पोलाद असतं तर नळी एका हंगामात निकामी झाली असती.)

बंदूक चालेल का?

ब्रिटनमध्ये आजोबांची बंदूक नातू वापरतो, त्यामुळे ही भीती खरी आहे. उत्तर नळीवरच्या शिक्क्यांत असतं. लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाऊसमध्ये प्रत्येक नळी मुद्दाम जादा दाबाखाली तपासून तिच्यावर छाप मारतात. पोलादी काडतुसांचे दोन प्रकार आहेत. 'स्टँडर्ड' काडतुसाचा दाब 740 बारपर्यंत (बार हे दाबाचं एकक) असतो आणि बारा बोअरमध्ये छर्रा 3.25 मिलिमीटरहून जाड नसतो. आधुनिक प्रूफ झालेल्या, सुस्थितीतल्या बंदुकीत तो चालतो. 'हाय परफॉर्मन्स' काडतुसाचा दाब 1050 बारपर्यंत जातो. त्यासाठी नळीवर फ्लर-द-ली हे तीन पाकळ्यांच्या फुलाचं चिन्ह असलंच पाहिजे. चिन्ह नसेल तर ते काडतूस घालायचं नाही, मग ते आत कितीही नीट बसलं तरी. चेंबरची, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागेची, लांबीही शिक्क्यात असते. जुन्या बंदुकांचा चेंबर 65 मिलिमीटरचा असतो आणि 70 चं काडतूस त्यात सहज सरकतं. गोळी झाडल्यावर मात्र त्याचं तोंड उघडायला जागा उरत नाही आणि दाब वाढतो. लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेल्या दमास्कस नळ्यांत पोलाद अजिबात वापरू नये.

मग चोक. नळीचं तोंड किंचित आवळलेलं असतं, त्यामुळे छर्रे लवकर विखुरत नाहीत. पाव चोक म्हणजे सुमारे पाव मिलिमीटर आवळ, अर्धा म्हणजे अर्धा मिलिमीटर, पूर्ण म्हणजे एक. शिशाचे छर्रे दबून या आवळातून निसटतात. पोलादी छर्रे एकमेकांना दाटीवाटीनं अडतात, आणि चोक घट्ट असला तर त्याच्या मागे नळीवर बांगडीसारखा गोल फुगवटा उमटतो. नळी सहसा फुटत नाही, पण दुरुस्तीचा खर्च आणि बंदुकीची घसरलेली किंमत दोन्ही जिव्हारी लागतात. अर्ध्या चोकच्या पुढे जायचं नाही, हा नियम. जुन्या बंदुकीतला घट्ट चोक कारागीर आतून घासून मोकळा करून देतो, नव्या बंदुकीत स्क्रूचा चोक बदलता येतो. यात नेमाचंही काही बिघडत नाही. पोलादी छर्रे गोलच राहतात, सरळ जातात, त्यामुळे पाव चोकमधून ते शिशाच्या अर्ध्या चोकइतके दाट पडतात. चोक न बदलता घट्ट नळीतून पोलाद झाडणारे 'पोलाद लागत नाही' म्हणतात, तेव्हा पुष्कळदा छर्ऱ्यांचा झुबका अतिदाट होऊन पक्ष्याच्या बाजूनं निघून गेलेला असतो.

हे डोळ्यांनी पाहून घ्यायचं असतं. मोठा कागद ताणून बसवायचा, ठरलेल्या अंतरावरून एक बार टाकायचा, जिथे छिद्रं सर्वांत दाट तिथे 76 सेंटिमीटर व्यासाचं वर्तुळ काढायचं आणि आतली छिद्रं मोजायची. असं पाच वेळा करून सरासरी काढायची. फेझंटसाठी वर्तुळात साधारण 120 छिद्रं असली की पक्षी झुबक्यातून सुटत नाही. ज्या अंतरावर आकडा याखाली घसरतो, ते त्या बंदुकीचं आणि त्या काडतुसाचं टोक. छर्ऱ्याचा जोर मात्र कागदावर कळत नाही, म्हणून कागद काहीही म्हणाला तरी पोलादासाठी 35 मीटरच्या पुढचा पक्षी सोडून द्यावा. शिशाच्या जमान्यात ही चाचणी चुना फासलेल्या लोखंडी पत्र्यावर करायचे. पोलादी छर्रे पत्र्यावरून तसेच उलटे येतात. दगड, गोठलेली जमीन, पाणी यांवरूनही ते शिशापेक्षा जास्त उसळतात, म्हणून डोळ्यांना चष्मा हवा आणि हाकाऱ्यांच्या दिशेनं खाली झुकलेला बार तर नकोच नको.

पोलाद नको असेल तर?

जुन्या बंदुकीवाल्यांसाठी बिस्मथ हा सोपा रस्ता आहे. त्यात थोडं कथील मिसळतात, घनता 9.6 च्या आसपास येते. शिशापेक्षा एकच नंबर वर जायचं, लगद्याचं बूच चालतं, चोक बदलावा लागत नाही. पण ते ठिसूळ असतं, काही छर्रे फुटतात. किंमतही पोलादाच्या कित्येक पट. आणि गंमत म्हणजे बिस्मथ बहुतेक शिशाच्या शुद्धीकरणातूनच जोडीला मिळतं, त्यामुळे सगळ्यांनी एकदम तेच घ्यायचं म्हटलं तर ते पुरणार नाही. टंगस्टनची भुकटी प्लास्टिकमध्ये कालवून केलेले छर्रे शिशाच्या सर्वांत जवळ जातात, खिसा मात्र रिकामा करतात. जस्त स्वस्त आहे, पण पक्ष्यांना तेही विषारी.

हरणांवर झाडल्या जाणाऱ्या रायफलच्या गोळ्यांचं प्रकरण निराळं. तिथे तांब्याची गोळी शिशाला चांगला पर्याय ठरली आहे. ती तुकडे न होता फुलासारखी उमलते. तांबं हलकं असल्यामुळे त्याच वजनाची गोळी लांब होते आणि काही जुन्या नळ्यांच्या आतल्या पिळाला, म्हणजे गोळीला गिरकी देणाऱ्या खाचांना, ती मानवत नाही. थोड्या हलक्या वजनाची गोळी घेतली की बहुतेकदा काम भागतं.

स्वेच्छेची पाच वर्षं

इतर देशांनी हा बदल कायद्यानं केला. अमेरिकेत पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचे छर्रे 1991 पासून देशभर बंद आहेत. नेदरलँड्सनं 1993 मध्ये आणि डेन्मार्कनं 1996 मध्ये सर्व शिकारीतून ते काढले. एप्रिल 2024 पासून डेन्मार्कनं शिशाच्या गोळ्यांनाही बंदी केली. कॅलिफोर्नियात जुलै 2019 पासून शिकारीत शिसं पूर्ण बंद आहे. युरोपीय संघानं फेब्रुवारी 2023 पासून पाणथळींमध्ये आणि त्यांच्याभोवती 100 मीटरपर्यंत शिशाचे छर्रे बंद केले.

ब्रिटननं 1987 मध्ये गळाला लावायच्या शिशाच्या वजनांवर बंदी आणून राजहंस वाचवले होते. छर्ऱ्यांवर इंग्लंडमध्ये 1999 पासून बंदी होती, पण फक्त पाणपक्षी आणि पाणथळींपुरती, आणि ती पाळली जाते का हे बघायला कुणी नव्हतं. 2013-14 च्या हंगामात इंग्लंडमध्ये विकत घेऊन तपासलेल्या बदकांपैकी 77 टक्के बदकांत शिसंच निघालं. फेब्रुवारी 2020 मध्ये शिकारीच्या आणि ग्रामीण भागातल्या नऊ संघटनांनी जाहीर केलं, की पाच वर्षांत आम्ही स्वतःहून शिसं सोडू. केंब्रिजच्या शास्त्रज्ञांच्या गटानं दर हंगामात दुकानांतून फेझंट विकत घेऊन आतले छर्रे तपासले. पहिल्या हंगामात 180 पैकी 179 पक्ष्यांत शिसं. पाचव्या हंगामातही आकडा 99 टक्के.

कारणं ऐकायला सगळी पटतात. युक्रेन युद्धामुळे दारूचा तुटवडा पडला, कुजणारे वॅड उशिरा आले, बिस्मथ परवडेना. पण आमच्या मते खरी अडचण रचनेतच होती. काडतुसं शिकारी विकत घेतो, मांस व्यापारी विकतो आणि जमीन तिसऱ्याची. शिसं सोडण्याचा खर्च एकाच्या खिशातून आणि फायदा दुसऱ्याला. शेजारी उभा असलेला जुनी काडतुसं झाडतोय, मग मीच का बंदूक घेऊन कारागिराकडे जाऊ? डेन्मार्कच्या शिकाऱ्यापुढे हा प्रश्नच नव्हता. तिथे सगळ्यांना एकाच तारखेला बदलावं लागलं, त्यामुळे कारखान्यांनीही माल आणला.

अखेर जुलै 2025 मध्ये ब्रिटिश सरकारनं बंदी जाहीर केली. छर्ऱ्यांत 1 टक्क्याहून जास्त आणि मोठ्या गोळ्यांत 3 टक्क्यांहून जास्त शिसं चालणार नाही, बदलासाठी तीन वर्षं. 6.17 मिलिमीटरहून लहान गोळ्या यातून वगळल्या आहेत. कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेनं 2024 मध्ये पॅरिसला ज्या 50 मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवलं, त्यातली .22 ची गोळी 5.6 मिलिमीटरची आणि शिशाची असते. एवढ्या लहान गोळीला तितकाच अचूक पर्याय अजून जमलेला नाही.

घरी फेझंट शिजवताना

'शिसेविरहित' असं वेष्टनावर स्पष्ट लिहिलेलं नसेल तर छर्ऱ्याभोवतीचं काळंनिळं झालेलं मांस बोटभर रुंद कापून टाका. धुतल्यानं शिशाचे कण जात नाहीत. व्हिनेगरमध्ये मुरवलेल्या आणि शिजवलेल्या मांसात शिसं जास्त विरघळतं हे प्रयोगांत दिसलं आहे. चिंच-कोकमाचा आंबटपणाही आम्लच, म्हणून असा पक्षी आंबट रश्श्यात टाकून तासन्‌तास उकळू नका. मुलांच्या ताटात तर तो वाढूच नये.

छर्रा सापडला तर तो कशाचा हे ओळखायला फ्रिजवरचं चुंबक पुरतं. चिकटला तर पोलाद. नाही चिकटला तर पाट्यावर ठेवून वरून हातोडीनं हलका ठोका द्या. पापडासारखा पसरला तर शिसं. तडकून दाणेदार तुकडे झाले तर बिस्मथ, आणि मग तो पक्षी कुणीतरी चार पैसे जास्त मोजून मारलेला आहे.